स्टेटस : पेंडिंग

आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं कळतं. कुणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कुणी घर घेतलं, कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेत आणि विमानतळावर त्यांच्या बॅगेतून काय काय काढून ठेवलं गेलं. एकच गोष्ट कळत नाही. कुणाची नोकरी गेली आणि कोण ‘अनएम्प्लॉयमेंट’, म्हणजे सरकारचा बेकारी भत्ता, घेतंय. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये आमच्यातले कितीतरी जण एकाच वेळी राज्याच्या कामगार खात्याच्या फोनवर ताटकळत होते, हे मला समजलं दोन वर्षांनी, एका मुंजीच्या पंगतीत. मसालेभात वाढून होईपर्यंत आमच्या टेबलावरच तिघं निघाले. एकाने होल्डवरचं ते संगीत गुणगुणून दाखवलं, आणि आम्ही दोघींनी ते लगेच ओळखलं.

मी इथे आले १९९८ मध्ये, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना जुने प्रोग्रॅम कोसळतील या धास्तीच्या लाटेत. तेव्हा पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली मेनफ्रेमचे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या, जुन्या धाटणीच्या संगणकांचे, क्लास निघाले होते. कोबॉल ही त्या संगणकांची भाषा, सोबत जेसीएल, डीबीटू शिकायचं आणि विमानात बसायचं. दोन आकडी साल चार आकडी करायला आमची एक अख्खी पिढी अमेरिकेत उतरली. २००० साल काहीही न कोसळता उजाडलं आणि आम्ही इथेच राहिलो. मी एका विमा कंपनीत होते, क्लेम्सच्या कामावर. कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, कुणाच्या छपरावर झाड पडलं, की त्याचा दावा आमच्या प्रोग्रॅममधून जायचा आणि रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे दिवसभराची कामं एकगठ्ठा चालायची तेव्हा, चेक छापला जायचा. कोविडचा पहिला तडाखा बसला आणि कंपनीने आमचा अख्खा गटच कमी केला. व्हिडिओ कॉल, एचआरची बाई, आणि शेवटी ‘काही प्रश्न?’ कुणालाच प्रश्न नव्हते.

नवरा संध्याकाळी म्हणाला, “उद्याच क्लेम टाक.” मी म्हटलं, बघू.

हे ‘बघू’ माझ्या एकटीचं नव्हतं. पंगतीतल्या बाकीच्या दोघांनीही अगदी तेच केलं होतं. आपण ज्या घरांत वाढलो तिथे सरकारकडून पैसे घेणं म्हणजे एक तर पगार, नाही तर पेन्शन. तिसऱ्या कुठल्याही वाटेने आले तर ते फुकटचे, आणि फुकटचं घेऊ नये. बेकारी भत्ता हा प्रकार आपण निवडणुकीच्या जाहीरनाम्यात वाचलेला; तो घेणारा माणूस आपल्या ओळखीत असू शकतो असं कधी वाटलं नाही. त्यात इथे येऊन वीस-बावीस वर्षं ‘आम्ही कष्टाने वर आलो’ हे सगळ्यांना सांगून झालेलं.

गंमत अशी, की हा भत्ता नाहीच. हा विमा आहे. आणि हे मला, विम्याच्या दाव्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात हयात घालवलेल्या बाईला, मुद्दाम स्वतःला समजवावं लागलं. तळघरात पाणी शिरलेल्या माणसाचा फोन आला तर हा भीक मागतोय असं आमच्या कंपनीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याने हप्ते भरलेत, त्याचं नुकसान झालंय, त्याला चेक जाणार. इथेही तसंच आहे. बहुतेक राज्यांत हप्ता मालक भरतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. केंद्र सरकार प्रत्येक नोकरामागे वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के कर आकारतं, आणि मालकाने राज्याचा कर वेळेवर भरला असेल तर त्यातले ५.४ टक्के सोडून देतं. हा ७,००० चा आकडा १९८३ पासून हललेला नाही. राज्याचा कर वेगळा, आणि ज्या कंपनीने जास्त लोक काढले तिला तो जास्त बसतो, गाडी ठोकणाऱ्याचा हप्ता वाढतो तसा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत तर नोकराच्या पगारातूनही थोडी रक्कम कापतात. पेस्लिपवर ती स्वच्छ दिसते. वाचतं कोण?

या योजनेचं वय नव्वदीच्या आसपास. विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये पहिला कायदा केला. मग महामंदीत रूझवेल्ट सरकारच्या कामगार मंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या समितीने आराखडा केला आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात तो बसवला. पर्किन्स या अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. कायदा केंद्राचा, पण कारभार राज्यांचा अशी त्यांनी वाटणी केली आणि त्यामुळे आजही प्रत्येक राज्याचा रंग निराळा. २०२० मध्ये फ्लोरिडात आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर मिळत, तेही १२ आठवडे. मॅसॅच्युसेट्समध्ये हीच मर्यादा ८२३ डॉलर, आणि मुदत त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे ‘अमेरिकेत बेकारांना काय मिळतं?’ या भारतातून येणाऱ्या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या राज्यात बेकार झालात, हे आधी सांगा.

शेवटी मी अर्ज भरायला बसले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि वेबसाइट बंद होती. ‘ही सेवा सकाळी सुरू होईल.’ फेसबुकवर लोक संतापलेले. वेबसाइटला कसली आलीय झोप! मला मात्र हसू आलं. रात्री बंद म्हणजे मागे मेनफ्रेम आहे आणि आत्ता बॅच चालू आहे. दिवसभराचे अर्ज आता एका रांगेत उभे राहून एकेक करून आत जात असतील, पगाराच्या नोंदीशी ताडले जात असतील, आणि ज्यांचं काही जुळत नाही ते बाजूला पडत असतील. मी अशीच रांग रोज रात्री चालवत होते. सकाळी अर्जाचा पडदा उघडला आणि नावाचे रकाने पाहिले तेव्हा खात्रीच पटली. सगळं कॅपिटल अक्षरांत, आडनावाला मोजकी घरं, मधल्या नावाला एकच अक्षर. पत्त्यात स्वल्पविराम टाकला तर लाल रंगात दटावणी.

एप्रिलच्या ४ तारखेला न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी पत्रकार परिषदेत म्हणाले, की आमची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी आहे आणि आम्हाला कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत. कॅन्सस आणि कनेक्टिकटकडूनही तीच हाक आली. ती बातमी मला दिवसभरात इतक्या जणांनी पाठवली, की शेवटी मी फोन उलटा ठेवला. १९५९ मध्ये आखलेली भाषा. आम्ही ती शिकलो तेव्हाही लोक म्हणत होते, हिचा जमाना गेला. आणि आता त्या भाषेतली एक माहीतगार बाई घरी रिकामी बसलेली, तिचाच अर्ज त्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये अडकलेला. नवऱ्याने विचारलं, “जाऊन दुरुस्त करून येतेस का तुझी फाइल?”

मला कोबॉलची बाजू घ्यायची आहे. ते प्रोग्रॅम चाळीस वर्षं चालले ते काही नशिबाने नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात देशभरात नवे क्लेम आले ३३ लाखांच्या आसपास. त्याआधीचा एका आठवड्याचा उच्चांक १९८२ चा, सात लाखांच्याही आतला. पुढच्या आठवड्यात ६६ लाख. इतकी माणसं एका दारातून आत शिरताना कुठलंही दार मोडेल. आणि बऱ्याच ठिकाणी आधी मोडलं ते पुढचं, नव्याने बसवलेलं वेबसाइटचं दार. खरं दुखणं होतं माणसांचं. मंदी संपली की राज्यं या खात्याची माणसं कमी करतात आणि जुने प्रोग्रॅम कळणारे निवृत्त झाले की त्यांच्या जागी कुणी येत नाही. पुढची मंदी येईपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण या जुनेपणाने अख्ख्या देशाचा एक कायदा कसा वळवला, ते फार थोड्यांना माहीत आहे. २७ मार्च २०२० ला कोविड मदतीचा मोठा कायदा झाला. त्यात बेकारांना राज्याच्या रकमेवर आठवड्याला सरसकट ६०० डॉलर केंद्राकडून मिळणार होते. सरसकट का? विचार असा होता, की प्रत्येकाला त्याच्या पगाराइतकी भरपाई मिळावी. पण राज्यांच्या यंत्रणांना प्रत्येकाचं वेगळं गणित करणं इतक्या घाईत जमणार नाही, हे लक्षात आलं. मग देशातला सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांतला फरक काढला, तो सहाशेच्या आसपास भरला, आणि तोच सगळ्यांना लावून टाकला. त्यामुळे हॉटेलात भांडी घासणाऱ्याला पगाराहून जास्त मिळू लागलं आणि ‘लोक आता कामाला येणार नाहीत’ म्हणून टीव्हीवर भांडणं सुरू झाली. त्या भांडणात तत्त्वज्ञान पुष्कळ निघालं. मूळ कारण मात्र असं होतं, की नवा गुणाकार जुन्या प्रोग्रॅममध्ये बसत नव्हता.

माझा अर्ज गेला आणि पडद्यावर आलं : पेंडिंग.

पेंडिंग म्हणजे कुणीतरी विचार करतंय, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. पेंडिंग म्हणजे तुमची ओळ बाजूला काढून ठेवली आहे आणि कुणाचा तरी हात लागेपर्यंत ती तिथेच राहणार आहे. हात लागायचा तर फोन लागायला हवा. फोनचं शास्त्र फेसबुकवर तयार झालं होतं. लाइन उघडण्याच्या अर्धा मिनिट आधी आकडे दाबत राहायचे, स्पॅनिशचं बटण दाबलं तर लवकर लागतो अशी एक अफवा, आणि ‘इतर चौकशी’ मध्ये गेलात तर दिवस वाया. काही जण थेट आपल्या आमदाराच्या कार्यालयात गेले; ही मंडळी त्या काळात खरोखर कामाला आली, कारण त्यांच्याकडे खात्याशी बोलायची वेगळी वाट होती. मला ते सुचलं नाही असं नाही. पण ओळख काढून काम करून घ्यायला पुण्यात जे कारण पुरलं असतं, ते इथे पुरेना. उगाचच.

एका दुपारी, कणीक मळत असताना, संगीत थांबलं आणि पलीकडून एका बाईंचा आवाज आला. दमलेल्या वाटल्या, पण तुटक नाही. मागे कुत्रं भुंकत होतं. त्याही घरूनच काम करत होत्या. त्यांनी माझा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, टाकला आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

मग म्हणाल्या, “या नंबरवर मला तीन बायका दिसताहेत.”

१९९८ मध्ये सोशल सिक्युरिटी कार्ड काढलं तेव्हा मी होते माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, तिथे माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. नागरिकत्वाच्या वेळी मधलं नाव गाळलं. आणि कंपनीच्या पगारखात्यात कुणीतरी फार वर्षांपूर्वी नवऱ्याचं नाव आणि आडनाव एकत्र करून त्याचंच एक लांबलचक आडनाव केलेलं, जे रकान्यात न मावल्यामुळे शेवटी तुटलेलं. राज्याकडे माझा पगार या चौथ्या, शेपूट तुटलेल्या नावाने पोचत होता. यंत्राने ताडून पाहिलं, जुळलं नाही, बाजूला ठेवलं. यंत्राची काही चूक नाही. मीही तसाच प्रोग्रॅम लिहिला असता, नव्हे, लिहिला होता.

“हे मधलं नाव पुरुषाचं आहे का?”

“हो, माझ्या नवऱ्याचं.”

“आणि हे?”

“ते वडिलांचं.”

“म्हणजे तुमच्याकडे बाईच्या नावात आधी वडील असतात आणि मग नवरा येतो?”

“हो.”

“आणि त्यांच्या नावात तुम्ही कुठे असता?”

मी कणकेचे हात तसेच धरून उभी. खात्याच्या चौकशीत हा प्रश्न नक्कीच नव्हता. मी म्हटलं, “कुठेच नाही.” त्या मोठ्याने हसल्या, कुत्रं पुन्हा भुंकलं, आणि मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की लग्नाचा दाखला, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि शेवटची पेस्लिप फॅक्स करा, वरच्या कोपऱ्यात क्लेम नंबर हाताने लिहा, आणि पाठवल्यावर पोचपावतीचा कागद जपून ठेवा. फॅक्स! वाचनालय बंद, फोटोकॉपीची दुकानं बंद. लग्नाचा दाखला पुणे महापालिकेचा, मराठीत. त्याचं नोटरी केलेलं भाषांतर व्हिसाच्या काळापासून फाइलीत होतं म्हणून निभावलं. नवऱ्याने फोनवरच्या कुठल्याशा ॲपने सगळं फॅक्स केलं.

पैसे सुरू झाल्यावर माझी कल्पना होती, की आता संपलं. पण ही योजना आठवड्याला एकदा तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून विचारते. याला ‘सर्टिफाय करणं’ म्हणतात. गेल्या आठवड्यात तुम्ही काम करायला समर्थ होता का? उपलब्ध होता का? काम शोधलंत का? आलेलं काम नाकारलंत का? काही कमावलंत का? हो किंवा नाही, मधलं काही नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी चहानंतर हा कार्यक्रम असायचा. एकदा ओळखीच्या एका दुकानदाराच्या बिलांचा हिशोब मी दोन तास बसून जुळवून दिला आणि त्याने बळेच शंभर डॉलर दिले. ती कमाई की भेट? नवरा म्हणाला, लिहून टाक. लिहिलं. त्या आठवड्याच्या रकमेतून थोडं कापून आलं. पुढे ओव्हरपेमेंटच्या, म्हणजे जास्त गेलेले पैसे परत मागणाऱ्या, नोटिसा आलेल्यांच्या कहाण्या ऐकल्या तेव्हा ते शंभर डॉलर स्वस्त वाटले.

माझ्याकडे निदान कागद होते. डबेवाल्या मावशींकडे ते होते का, हे आम्हाला आधी शोधावं लागलं.

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. मुलीच्या बाळंतपणाला आल्या, पुढे ग्रीनकार्डावर राहिल्या, आणि इथल्या बॅचलर पोरांना व रात्रपाळीच्या नर्सना पोळीभाजीचे डबे देऊ लागल्या. मार्चमध्ये कचेऱ्या बंद झाल्या, पोरं कुठे कुठे पांगली, डबे एकदम थांबले. मालक नाही, पेस्लिप नाही, म्हणजे नेहमीच्या योजनेत मावशी बसतच नव्हत्या. पण त्या मार्चच्या कायद्यात एक नवीन खिडकी उघडली होती, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी. टॅक्सीवाले, केस कापणारे, गाण्याच्या शिकवण्या घेणारे, सगळे तिथे. किमान रक्कम राज्यातल्या सरासरी भत्त्याच्या निम्मी. त्याहून जास्त हवी तर गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न दाखवायचं. मावशींचा जावई हिशोबी. डब्यांचं उत्पन्न दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचंच म्हणून तो हटून बसायचा आणि मावशी त्याला ‘चार पोळ्यांचा कसला टॅक्स रे’ म्हणून सुनवायच्या. त्या रिटर्नने त्यांना किमान रकमेच्या वर नेलं.

त्यांच्यासाठी फोन लागला तेव्हा मी त्यांच्या अंगणात, सहा फुटांवर, तोंडाला फडकं बांधून बसले होते आणि फोन मध्ये कुंडीवर स्पीकरवर. खात्याने दुभाषा जोडून दिला. मराठीचा मिळाला नाही, हिंदीचा मिळाला. त्याने विचारलं, “आपका काम किस तारीख़ से बंद हुआ?” मावशी म्हणाल्या, “गुढीपाडवा के आदल्या दिवशी.” पलीकडे शांतता. दुभाष्याने इंग्रजीत काय सांगावं याचा विचार केला असणार. मी पुढे वाकून ओरडले, “मार्च चोवीस!” तर खात्याचा माणूस म्हणाला, दुसरं कोण बोलतंय, अर्जदाराने स्वतः उत्तर द्यायला हवं. मग मावशींनी फोनजवळ तोंड नेऊन एकेक अक्षर सुटं करत सांगितलं, “मार्. च. चौबीस.” पुढचा प्रश्न आला, पुन्हा काम मिळालं तर करणार का? यावर मावशींनी दुभाष्याची वाटच पाहिली नाही. “करणार म्हणजे काय, आत्ता पीठ मळू?” दुभाषा हसला. त्याने इंग्रजीत जे सांगितलं ते फक्त ‘येस’ होतं.

त्याच गल्लीत राहणारी दुसरी एक बाई एका किराणा दुकानात काउंटरवर होती. अर्धा पगार चेकने, अर्धा रोख. दोघांचीही सोय म्हणून. दुकान बंद झालं, क्लेम मंजूरही झाला, पण तो चेकच्या अर्ध्या पगारावर. गेल्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार तिमाहींत मालकाने राज्याला जे कळवलं तेच धरतात. रोखीचा पगार राज्याच्या लेखी कधी झालाच नव्हता. तिने मला विचारलं, “ताई, दुकानाचं नाव सांगू का खात्याला?” सांगितलं असतं तर खात्याने चौकशी केली असती, आणि तिच्या बाजूनेही लागला असता निकाल. पण दुकान पुन्हा उघडल्यावर तिला तिथेच जायचं होतं. तिने सांगितलं नाही. ज्याला ‘रोख घे, टॅक्स वाचेल’ असं म्हणणारा मालक भेटला आहे, त्याने हे हिशोबात धरावं. वाचतो तो बहुधा मालकाचा.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे एच-वनबीवाली, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेली मुलं. एडिसनला राहणारा आमच्या ओळखीतला एक मुलगा त्याच सुमारास नोकरीवरून गेला. न्यू जर्सीत त्याच्या पगारातून दर खेपेला बेकारी विम्याची कपात होत होती. पेस्लिपवर दिसतही होती. पण भत्ता मिळायचा तर माणूस ‘कामाला उपलब्ध’ हवा, आणि एच-वनबीचा माणूस त्याला आणणाऱ्या मालकाशिवाय दुसरीकडे परवानगीविना काम करू शकत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो उपलब्धच नाही. हप्ता चालतो, दावा चालत नाही. त्याच्या हातात होते ६० दिवस. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा, आणि त्या एप्रिलमध्ये भारताची विमानंही बंद. ही गोष्ट मी विम्याच्या धंद्यातली म्हणून सांगते : ज्याचा दावा कधीच मान्य होणार नाही अशा माणसाकडून खाजगी कंपनीने हप्ता घेतला असता तर तिला कोर्टात खेचलं असतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० आणि पुढच्या जानेवारीत गुगलने १२,००० माणसं कमी केली तेव्हा या ६० दिवसांची चर्चा मराठी घराघरांत झाली. कपातीची मात्र अजूनही होत नाही.

ग्रीनकार्डच्या रांगेत असलेल्यांची भीती निराळी. सरकारी मदत घेतली तर कार्ड नाकारतात, असे फॉरवर्ड त्या वर्षी उदंड फिरले, कारण फेब्रुवारीतच त्याचे नियम कडक झाले होते. पण बेकारी विमा त्या यादीत नव्हता. तो नोकरीतून कमावलेला हक्क धरतात. हे खात्याच्या आणि इमिग्रेशनच्या, दोन्हींच्या संकेतस्थळांवर लिहिलेलं असूनही ओळखीच्या एका जोडप्यातल्या बायकोने, स्वतःचं वर्क परमिट असताना, अर्ज केला नाही. तिला लिहिलेल्यापेक्षा फॉरवर्ड खरा वाटला.

याच दिवसांत भाच्याचा चाकणहून फोन. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो होता, लॉकडाऊनमध्ये काढलं. “मावशी, तुमच्याकडे सरकार घरबसल्या पैसे देतं म्हणे?” मी त्याला विचारलं, तुझा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापत होते ना? कापत होते. पगार २१,००० च्या आत, त्यातून पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के कंपनीचा. मग तुझ्याकडेही आहे की! अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून होती. सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. ऑगस्ट २०२० मध्ये ती ५० टक्क्यांवर नेली, वाट पाहण्याचे ९० दिवस ३० वर आणले, आणि मालकाकडून न जाता कामगाराने थेट शाखेत दावा टाकायची सोय केली. भाच्याला ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच माहीत. त्याच्या बरोबर काढलेल्या पोरांतही कुणाला पत्ता नव्हता. त्याने अर्ज केला, ते पैसे आले तेव्हा तो भावाच्या टेम्पोवर लागलाही होता. रक्कम किती, हे त्याने मला सांगितलं नाही. मीही माझी सांगितली नाही.

मला वर्षाअखेर दुसरी नोकरी लागली, पुन्हा मेनफ्रेमचीच. जानेवारीत राज्याकडून १०९९-जी नावाचा कागद आला, कारण हा भत्ता केंद्राच्या लेखी करपात्र असतो. १९८६ च्या करसुधारणेपासून पूर्णच्या पूर्ण. मी फेब्रुवारीतच रिटर्न भरून कर चुकता केला. मार्चच्या ११ तारखेला नवा कायदा झाला, की दीड लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्यांचा २०२० च्या भत्त्यातला १०,२०० डॉलरपर्यंतचा भाग करमुक्त. भरून बसलेल्यांचं काय? सुधारित रिटर्न भरायची घाई करू नका, आम्हीच हिशोब करतो, असं कर खात्याने कळवलं. माझा विश्वास बसला नाही. त्या उन्हाळ्यात खात्यावर रक्कम जमा झाली आणि मागाहून पत्र आलं. पत्रावर नाव होतं शेपूट तुटलेलं.